‘दुखतंय का’ सोडून काहीही विचारा

३ मार्च

अहो,

काल लेकीनं फोन तुमच्या कानाशी धरला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सांग तिला, मी झोपलोय." इतक्या खणखणीत आवाजात झोपलेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. नसेल यायचं फोनवर तर नका येऊ. पत्राला काही "झोपलोय" म्हणता येत नाही. ते उशाशी पडून राहतं. आणि तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, औषधाच्या पाकिटावरचं मुंगीएवढं अक्षरसुद्धा तुम्ही वाचल्याशिवाय सोडत नाही.

मला लिहिता येत नाही, तेव्हा हे सूनबाईच्या हातून जातंय. तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन तसं लिहायचं, तोंडातून पडलेला एक शब्द गाळायचा नाही आणि पदरचा एक घालायचा नाही. तिचं अक्षर सुरेख आहे असं सगळे म्हणतात. आमटीला मीठ कमी पडतं तिच्या हातून, पण अक्षराला मीठ लागत नाही. लिही गं, हात का थांबला? कौतुकच चाललंय तुझं.

तर त्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते तुम्ही लेकीला तिखटमीठ लावून सांगितलंत, हे माझ्या कानावर आलंय. आता बिनमिठाचं माझ्याकडून ऐका.

मी आपल्या लाँड्रीच्या दुकानात उंच दांडीवर पडदा वाळत घालताना स्टुलावरून पडले, उजवा खांदा मोडला, प्लास्टर चढलं, उतरलं, हाड जुळलं. इथवर आपलं भांडण नाही. पण हाड जुळून इतके दिवस झाले तरी खांदा ठणकतोच आहे. म्हणून तर आपण दोघं त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ती फक्त दुखण्याचीच डॉक्टर. तिनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "आजी, हाड एकदम झकास आहे. आता दुखणं मेंदूकडून येतंय."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "म्हणजे मी सोंग करते?"

"नाही हो. दुखणं खरं आहे, शंभर टक्के खरं. पण मेंदू खांद्याची इतकी काळजी करायला शिकलाय, की आता तो हलला तरी धोक्याची घंटा वाजवतो."

तेव्हा कुठे मला उलगडलं. आपल्या बॉयलरची शिट्टी आठवते? एकदा खरोखरच वाफ कोंडली आणि तिनं वेळेवर ओरडून सगळ्यांना वाचवलं. त्यानंतर मिस्त्रीनं ती अशी काही नाजूक करून ठेवली, की शेजारी चहाचं आधण ठेवलं तरी बोंबलायची. बॉयलर धड, वाफ धड, शिट्टी तेवढी भित्री झालेली. तशी माझ्या डोक्यातली शिट्टी. हे मी बोलून दाखवलं तर डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, हे मी पुढच्या पेशंटना सांगू का?" मी म्हटलं सांगा, पण मिस्त्रीचा पत्ता नका देऊ.

मग तिनं हात वर करायला सांगितला. तुम्ही माझ्या शेजारी उभे. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं आता हार मागवायचाय. "दुखतंय का गं? दुखतंय का? आता? आत्ता?" हात खांद्याच्या रेषेला आला आणि अडला. डॉक्टरीणबाईनं तुम्हाला चहा प्यायला बाहेर पाठवलं. पुन्हा म्हणाली, करा वर. तर हात गेला की वर, तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत! आणि दाराच्या काचेतून कोण बघतंय, तर तुम्ही, हातात कप.

यात माझा काय गुन्हा? हात माझा असला तरी मी त्याला शिकवून आणलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई तुम्हाला नीट समजावत होती. म्हणाली, "आजोबा, तुमची माया दिसते. पण दर वेळी विचारलंत की मेंदू दचकतो. त्याला वाटतं, अजून धोका आहे वाटतं. व्यायामाच्या वेळी तुम्ही जरा लांब थांबा." जरा लांब म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर. तुम्ही गाडी पकडून लेकीच्या गावाला गेलात! जाताना वर म्हणालात, "मीच तुझं दुखणं, तर मीच जातो." एवढं चटकदार वाक्य तुम्ही उभ्या संसारात बोलला नव्हतात, आणि बोललात ते गाडी चुकेल म्हणून दारातून.

असो. परत या. मुलगा दुकान सांभाळतोय, पण कडक इस्त्रीला त्याचा हात हलका पडतो. माझा हात विचाराल तर फार वाईट. घास उचलवत नाही. सूनबाई म्हणतेय, "आई, आत्ता तर तुम्ही माळ्यावरचा डबा काढलात." ते लिहू नकोस गं. लिही, घास उचलवत नाही.

हात खाली आणि मान वर असलेली,
तुमची बायको

(बाबा, एकही शब्द गाळायचा नाही असा हुकूम आहे, आणि ‘लिहू नकोस’ हेही शब्दच आहेत. म्हणून सगळंच लिहिते. वाचून दाखवताना तेवढं गाळते. — सून)


१४ मार्च

अहो,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार! "खुशाल आहे. हात जपावा. माळ्यावर चढू नये." पोस्टमनला वाटलं असेल रिकामंच पाकीट आहे.

पण मला सांगा, माळ्याचं तुम्हाला कळलं कसं? मी तर चकार शब्द बोलले नव्हते. सूनबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "इतक्या वर्षांचा संसार आहे आई, ओळखलं असेल बाबांनी." खरं असेल. आपल्या दुकानात मी कपडा हातात घेऊन सांगते कोणाच्या घरचा ते, तसं तुमचं झालं असेल.

आता इथली हकीकत. डॉक्टरीणबाईनं घरचा अभ्यास दिलाय. पहिला आठवडा डोळे मिटून खुर्चीत बसायचं आणि हात वर केला अशी नुसती कल्पना करायची. हात हलवायचा नाही. मी म्हटलं, बाई, हे काम माझ्या मुलाला द्या, तो उभं दुकान असंच चालवतो. पण चेष्टा बाजूला, पहिल्या दिवशी नुसत्या कल्पनेनंच खांदा ठणकला! हात मांडीवर, आणि दुखणं हजर. तेव्हा पटलं की शिट्टी वरच्या मजल्यावर आहे.

पुढचा आठवडा हातरुमाल. हातरुमाल वाळत घालायचा, तोही कमरेएवढ्या दोरीवर. मग दोरी जरा वर. मग टॉवेल. जिनं लग्नघरच्या चादरींचे गठ्ठे एकहाती झटकले, तिनं हातरुमाल वाळत घालायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. शेजारची बाई कुंपणावरून बघून गेली. तिला वाटलं, म्हातारी गेली कामातून.

आणि घरात ‘दुखतंय का’ या दोन शब्दांना बंदी. तुमच्या मुलाच्या तोंडात ते इतके बसलेत, की परवा माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, दु—" आणि बायकोनं डोळे वटारले तसा म्हणाला, "दुधाचं बिल दिलं का?" तेव्हापासून दिवसातून चार वेळा दुधाचं बिल विचारतो. आता दूधवाल्याला वाटायला लागलंय की आम्ही त्याच्यावर संशय घेतो.

माझी बोटंही पाहिली डॉक्टरीणबाईनं. ओलं बोट लावून इस्त्रीचा ताव बघायची माझी सवय. म्हणाली, "आजी, भाजत नाही?" मी म्हटलं, "पूर्वी भाजायचं. मग बोटांनी तक्रार करायचं सोडलं." ती म्हणाली, रोजच्या रोज तेच घडलं आणि त्यातून काही वाईट झालं नाही, की मेंदू लक्ष देईनासा होतो. मी म्हटलं, मग खांद्याकडे का देतो? म्हणाली, "तिथे भीती बसली आजी. ज्याची भीती, त्याच्यावर पहारा."

भीती कसली म्हणून मी तिला उडवून लावलं. हाताचं म्हणाल तर जैसे थे. वाईटच.

झालं, एवढं पुरे. ठेव पेन खाली सूनबाई, चहा घे. आणि बस जरा.

तुला म्हणून सांगते. टॉवेल काल डोक्याच्या वर गेला. कोणी नसताना. हो, गेला. आणि मी तशीच हात वर धरून उभी राहिले, जसं काही मला कोणी पकडलंय. आनंद व्हायला हवा की नाही? मी हात पटकन खाली घेतला. अगं, मी पडले त्याच्या आधी या माणसानं मला काय काय विचारलंय सांगू? ‘वकिलाचा कोट झाला का.’ ‘खळ संपली का.’ ‘तो निळा गठ्ठा कुठे ठेवलास.’ बस. वाईट नाहीत ते. पण आमच्यात कपडेच बोलायचे. मी पडले तेव्हा हे पहिल्यांदा खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसले आणि म्हणाले, ‘दुखतंय का गं?’ दुकान बंद ठेवून. माझ्याकडे बघून. मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाला विचारतायत.

आता खांदा बरा झाला, तर हा माणूस काय विचारेल? निळा गठ्ठा?

मी मुद्दाम दुखवत नाही हं. आईशप्पथ नाही. पण बरं वाटायला लागलं की कोणीतरी काहीतरी काढून घेतंय असं होतं. असो. हे काही पत्रात घालायचं नाही. पेन ठेवलं होतंस ना खाली?

हातरुमालाच्या इयत्तेतली,
तुमची बायको

(बाबा, पेन ठेवलं नव्हतं. — सून)


२७ मार्च

अहो,

या खेपेला तुमचं पत्र चांगलं दोन पानं भरून आलं. सूनबाईनं वाचलं, मी दोनदा वाचायला लावलं, आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आत मला राग आला.

म्हणे लेकीनं तुमचे शर्ट बिनखळीचे धुतले. म्हणे पहिले दोन दिवस मानेला काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. आणि मग तुमच्या लक्षात आलं, की जे हरवलं ते दुखणं होतं! माझ्या खळीची कॉलर उभा जन्म तुमच्या मानेला कापत होती आणि तुम्हाला त्याचा पत्ता ती थांबल्यावर लागला! लेक म्हणे मानेवरचा घट्टा बघून रडली. रडायला काय झालं तिला? माझ्या बोटांना नाहीत घट्टे?

अहो, लाँड्रीच्या मालकाची कॉलर मऊ दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? म्हणून तुमच्या शर्टाची खळ मी कधी कोणाच्या हाती दिली नाही. वकिलापेक्षा तुमची कॉलर कडक, हा माझा तोरा होता. टोचत होतं तर बोलायचं! तोंडाला कोणी खळ लावली होती?

तणतणतच डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, हा काय प्रकार? माझा खांदा बरा असून दुखतो, आणि यांची मान सोललेली असून दुखत नाही! ती खो खो हसली. म्हणाली, "आजी, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तुम्हाला ऐकू येते का? बंद पडलं की कळतं. तसंच. रोजचं, ठरलेलं, बेताचं दुखणं मेंदू ऐकायचं सोडतो. आणि जिथे एकदा मोठी भीती बसली तिथे टाचणी पडली तरी उठून बसतो."

मी म्हटलं, "बाई, हा मेंदू नव्हे, हे आमचं घर आहे. जो एकदा जोरात ओरडला त्याच्याभोवती सगळे गोळा. आणि जो रोज निमूट सोसतो, त्याला टोचतंय हे कोणाच्या गावी नाही."

हे तुम्हाला सांगता सांगता सूनबाईचा हात थांबलाय. काय गं? तुला टोचतं का काही या घरात? बोल. बोल, आता पत्रच चाललंय, एवीतेवी सगळं तूच लिहितेस.

ती म्हणते: "आई, मीठ. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं. तुम्हाला कळलं तर तुम्ही काळजी कराल म्हणून बाबांनी सांगू दिलं नाही. तेव्हापासून तुम्ही रोज बोलता. आता मला ऐकू येत नाही. घड्याळासारखं."

लिहिलंस? सगळं लिहिलंस? बरं.

जरा पाणी दे मला.

हं. तर अहो, ही पोरगी कशी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही तोंड मिटून मी केलेली तिची चेष्टा ऐकत आमटी भुरकत होतात. आलात की तुमच्याशी वेगळं भांडायचंय. यापुढे माझ्या ताटात मीठ बाजूला वाढायचं आणि त्यावरून तिला बोलायचं नाही.

शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीय. "माझाही उजवा खांदा दुखायला लागला आहे." आपटला नाहीत, पडला नाहीत, काही नाही. तीच बाजू, तोच खांदा! सूनबाईनं हे वाचलं आणि मी तोंड उघडलं, "दु—" आणि मिटलं. आता कळलं, तो शब्द गिळायला किती जड जातो ते.

डॉक्टरीणबाईला विचारलं, नवऱ्याला विचारू की नको? ती म्हणाली, "मायेच्या माणसाचं दुखणं बघून आपलंही दुखतं, होतं असं. काळजी नसावी. पण ‘दुखतंय का’ नका विचारू. ते सोडून काहीही विचारा."

"काहीही म्हणजे काय?"

"काहीही, आजी. तुम्हाला त्यांच्याबद्दल जे जाणून घ्यायचंय ते."

तेव्हा आम्ही दोघी बसलोय, चहा दुसऱ्यांदा गार झालाय, आणि मला प्रश्न सुचत नाहीये. कपड्याचा एकही नको असं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर डोकं रिकामं. सूनबाई म्हणते, "आवडता रंग विचारा." मी म्हटलं, काय स्थळ बघायला आलेत?

हं, सुचला. तिथे सकाळी डोळे उघडल्यावर तुम्हाला पहिलं काय दिसतं? इथे तर बॉयलरचा पाइप दिसतो.

उत्तर लिहा. तारेत नको.

एक इयत्ता वर चढवलेली,
तुमची बायको


८ एप्रिल

अहो,

सकाळी डोळे उघडल्यावर तुम्हाला नातवंडांच्या पायांची रांग दिसते, आणि एका पायमोज्याला भोक आहे, आणि तुम्हाला रोज वाटतं की आता हिला सांगावं, पण मी तिथे नसते. सूनबाईनं हे वाचलं आणि मी तिला म्हटलं, थांब. जरा थांब. मग ती थांबली.

तुमच्या पत्रातलं पुढचं मात्र ऐकून मी हबकलेच. तुम्ही लिहिलंय, "खांदा बरा झाला तरी मी विचारीन. निळा गठ्ठा विचारणार नाही. काय विचारायचं ते शोधतो आहे."

निळा गठ्ठा!

मी सूनबाईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "तू पेन ठेवलं नव्हतंस."

"नव्हतं आई."

"आणि माळ्याचा डबा?"

"तोही गेला."

"आणि ‘लिहू नकोस’ म्हटलेलं?"

"तेही. तुम्हीच म्हणालात, तोंडातून पडलेला शब्द गाळायचा नाही."

म्हणाले होते खरं. असली आज्ञाधारक सून देवानं वैऱ्याला देऊ नये. मी तिच्याशी दुपारच्या चहापर्यंत बोलले नाही. चहा तिनं करून आणला, मी घेतला, आणि मग कळेना की अबोला अजून चालू आहे की संपला. म्हणून विचारलं, "सासऱ्यानं काही कळवलं का तुला वेगळं?" ती म्हणाली, "मला लिहिलंय, ‘असंच लिहीत जा’." दोघं मिळालेले आहात. मी निरक्षर ना! साऱ्या घरात माझंच गुपित नाही.

आता लपवायला काही उरलं नाही, तर सरळ सांगते. हात वर जातो. ओला टॉवेल जातो. ठणका आहे, पण पूर्वी तो मालक होता, आता भाडेकरू आहे.

आणि तुम्ही यायला घाबरताय. "मी दारात उभा राहिलो आणि तुझा हात पुन्हा खाली आला, तर मला ते बघवणार नाही." लेकीकडे रुसून बसलाय असं मला वाटत होतं. मी तुम्हाला इतके दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या परत घेत नाही, पण निम्म्या कमी करते.

डॉक्टरीणबाईला विचारलं, येईल का हात खाली? ती म्हणाली, "येऊ शकतो. मेंदू ते दोन्ही एकत्र शिकलाय, आजोबा आणि दुखणं. पण शिकलेलं बदलता येतं. त्यांच्यासमोर करून बघितल्याशिवाय नाही बदलणार." म्हणजे माझं औषध तुम्हीच आणि पथ्यही तुम्हीच.

तर या. हात खाली आला तर आला. मी पुन्हा हातरुमालापासून सुरुवात करीन. तुमच्याशिवाय वर जाणारा हात घेऊन मी काय करू? इथे कॅलेंडरसुद्धा खालीच टांगलेलं आहे.

वाट बघणारी (हे लिही, हे मुद्दाम लिही),
तुमची बायको


२१ एप्रिल
घरीच, पुढच्या खोलीत

अहो,

लिहा. ‘अहो’ लिहा. कोणाला म्हणजे काय? तुम्हालाच. सूनबाईला मी माहेरी धाडलंय आठ दिवस, तिची बोटं दमली. तेव्हा आता लिहिणारे तुम्ही आणि वाचणारेही तुम्ही. पोस्टाचा खर्च वाचला.

हसू नका, अक्षर बिघडेल. बिघडलं तरी मला कळायचं नाही म्हणा.

लिहा, की तुम्ही काल सकाळी न कळवता आलात. मी अंगणात ओली चादर दोरीवर टाकत होते. चादर! हात वर, चादर वर, आणि समोर फाटकात तुम्ही, मऊ कॉलर, हातात बॅग. आणि हात आला खाली. सर्रकन. चादर मातीत. जसं कोणी दोर कापला. खांदा असा उसळला की डोळ्यांपुढे काजवे.

तुम्ही बॅगेसकट आल्या पावली मागे वळलात.

ते लिहा. का नको? मी तुम्हाला काय म्हणाले, तेही लिहा. "आता गेलात तर मी ही चादर अशीच मातीत ठेवीन आणि गिऱ्हाइकाला तुमचं नाव सांगीन." थांबलात. चाळीस वेळा पाया पडले असते तर थांबला नसतात, पण मळलेली चादर तुमच्याच्यानं बघवत नाही.

मग तुम्ही चादर उचललीत, पुन्हा खळबळलीत, आणि पिळून मला दिलीत. म्हणालात, "दु—". मी बघत राहिले. म्हणालात, "दुसरं टोक मी धरू का?"

हा चांगला होता. कुठे सुचला? गाडीत? ठरवून आला होतात? अहो, तुम्ही सबंध प्रवासात एक प्रश्न तयार केलात!

तर दुसरं टोक तुम्ही धरलंत. माझ्याकडे बघितलं नाहीत, चादरीकडे बघितलंत. हात खांद्यापर्यंत आला. तिथे अडला. मी म्हटलं, अड. आपण उभे राहिलो. वारा आला, चादर फुगली, तुम्ही म्हणालात, "हिला कोपऱ्यात डाग राहिलाय." मी म्हटलं, "कुठे?" आणि डाग बघायला हात जरा वर गेला. जरासाच. दोरीपर्यंत नाही गेला. चादर शेवटी तुम्हीच टाकलीत. पण जरासा गेला, तुमच्यासमोर. तुम्ही बघितलंत? बघितलंत. मग सांगितलं का नाहीत? बरं, बघायचं नाही असं ठरवलं होतंत. मग कसं बघितलंत?

आज पुन्हा करायचंय. उद्या पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणते, एका दिवसात शिकलेलं नाही, एका दिवसात विसरायचं नाही. मला घाई नाही. तुमचा खांदा कसा आहे, हे मी विचारत नाही. नाही विचारत म्हटलं ना. काय? गाडीत बसल्यापासून दुखला नाही? तुम्हाला कोणी विचारलं? हं. पण बरं झालं सांगितलंत.

मात्र काल रात्रीचं जेवण लिहा. मुलगा सूनबाईला पोचवायला गेलेला, आपण दोघंच. तुमच्या तोंडून शब्द नाही, माझ्या तोंडून नाही. पत्रात काय ती वाहत होती दोन्हीकडून गंगा! समोरासमोर बसलो तर तुम्ही मीठ बघताय, मी मीठ बघतेय. म्हणून आज कागद घेऊन बसवलंय तुम्हाला. मी सांगते, तुम्ही लिहा, म्हणजे मान खाली राहते आणि लाज वाटत नाही. पत्रातली सवय आहे, सुटेल हळूहळू.

आता तुमची पाळी. विचारा. ‘दुखतंय का’ सोडून काहीही. कपड्याचा नको. दुधाच्या बिलाचा नको, तो तुमच्या मुलानं वापरून चोथा केलाय. विचार करा, मी काही पळून जात नाही.

सापडला?

जोरात बोला. काय? ‘तुला खिडकीशी बसायला आवडतं की आतल्या बाजूला?’

अहो, या खोलीत बसतोय कधीपासून आपण? खिडकीशी ती एकच खुर्ची, आणि तुम्ही त्यात असे बसता जसे काही तिच्याबरोबरच सुताराकडून आलात. कोणी विचारलं नाही मला कधी. मीही विचारलं नाही मला. आतल्या बाजूला बसून बसून माझ्या मानेला एक बाक आलाय, रस्त्यावर कोण चाललंय ते बघायचा, तुमच्या खांद्यावरून.

लिहिलंत? प्रश्न लिहिलात? उत्तरही लिहा, ठळक लिहा.

खिडकीशी. उठा.